भेंडीचा शेंडा पिवळा, खालची पानं हिरवी. असं का?

जिंतूरकडं भेंडी लावलीय. शेंड्याच्या पानांच्या शिरा पिवळ्याजर्द, खालची जुनी पानं ठणठणीत. पांढरी माशी काय फक्त शेंड्यालाच चावती का?

उत्तर: नाही दादा. हा रोग विषाणूचा, माशी तो झाडात सोडते. ती सोंड खुपसते ती रसवाहिनीत. पानात तयार झालेली साखर कोवळ्या वाढीकडं जाते, विषाणू त्याच रसातून शेंडा गाठतो. जुनं पान रस देतं, घेत नाही, म्हणून वाचतं.

– आन् पेशीची भिंत? ती कशी ओलांडतो?

उत्तर: भिंतीत बारीक वाटा असतात, प्लाझ्मोडेस्माटा. एरवी त्यातून साखरेसारखे लहान रेणू जातात. उदाहरणाला तंबाखूचा मोझॅक विषाणू घ्या: 300 नॅनोमीटर लांब, 18 जाड. अख्खा मावायचाच नाही. मग तो पेशीकडूनच एक प्रथिन बनवून घेतो (फुकटची मजुरी!). ते प्रथिन वाट सैल करतं आणि कवच नसलेला आरएनए (विषाणूचा जनुकीय धागा) पलीकडं नेतं. झाड बी गप बसत नाही, कॅलोज नावाचा साखरेपासून बनलेला पदार्थ साठवून वाटा आवळतं. भेंडीवाला विषाणू डीएनएचा, पण वाटा त्याच.

तिसरा: फवारा माशीवर चालतो, विषाणूवर नाही. पिवळी झाडं आत्ताच उपटा.

– बरं. शेजाऱ्याची बी पिवळीच हाय, त्याला कोण सांगणार?