खंडेनवमीला गाडी चालू पाहिजे

सी-३०२ : नमस्कार मंडळी. माझी मोटरसायकल जूनपासून आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवली होती, आज पुण्याहून कोल्हापूरला आलोय. सेल्फ मारला तर नुसतं टक-टक वाजतंय. किक मारली, तरी घेईना. खंडेनवमीला पूजेला चालू पाहिजे. खालचा पोरगा म्हणतोय, रस्त्याच्या उताराला ढकलून गिअर टाकूया. टाकू का?

ए-१०१ काका : थांब रे बाळा. ढकलू नको आणि किकही मारू नको आता. चार महिने उभ्या गाडीत सिलिंडरला लागलेलं ऑइल सगळं खाली उतरलेलं असतं. कोरडंच घासेल. आधी उघडून बघायचं, मग चालू करायचं.

सेक्रेटरी : काकांचं ऐक. उद्यमनगरात इंजिनाच्या कामात हयात गेलीय त्यांची.

ए-१०१ काका : इंजिनाला पेट्रोल कशानं जातं, कार्बोरेटर का इंजेक्शन?

सी-३०२ : कार्बोरेटर, काका. १५० सीसी, २०१३ ची. सेल्फ आणि किक दोन्ही आहे.

ए-१०१ काका : बरं झालं, घरी होण्यासारखं काम आहे. झाकली होतीस कशानं?

सी-३०२ : प्लास्टिकच्या ताडपत्रीनं. खालपर्यंत दोरीनं घट्ट बांधली होती.

ए-१०१ काका : तेच तर. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतींना ओल सुटते, तर बंद ताडपत्रीखाली लोखंडाचं काय होणार? आतली दमट हवा बाहेर जायला जागाच नाही. वर जुनी सुती चादर आणि खाली मोकळी हवा, एवढं पुरतं. आता सीट काढ, साईड पॅनेल काढ आणि फोटो टाक.

सी-३०२ : फोटो टाकलाय. एअर फिल्टरच्या डब्यात नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे आणि आमच्याच दारातल्या पायपुसण्याचा दोरा. हिरव्या वायरचं वरचं कातडं कुरतडलंय, आतली तांब्याची तार दिसतीय.

बी-२०४ वहिनी : अहो, आमच्या स्कूटरची वायरपण याच पावसाळ्यात खाल्ली उंदरांनी! सेक्रेटरी साहेब, लिफ्टमागच्या कोपऱ्यात लोक खरकटं ठेवतात, ते बंद करा आधी.

सेक्रेटरी : उद्या कोपरा साफ करून घेतो आणि पिंजरे लावतो.

ए-१०१ काका : तार तुटली नसेल तर इन्सुलेशन टेप चांगली घट्ट गुंडाळ. फिल्टर फाटला असेल तर नवाच घाल. आणि सायलेन्सरच्या तोंडात टॉर्चचा उजेड टाकून बघ, कुंभारमाशी मातीचं घर करते तिथं. तोंड बुजलेलं असलं तर कितीही किक मारा, गाडी घेत नाही.

आता पेट्रोल. हे सगळ्यांनीच वाचा, कारण बंद गाडीचं निम्मं दुखणं इथंच असतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखानेसुद्धा ते बनवतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल एक होऊन टाकीच्या तळाला बसतं. म्हणून टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर अजिबात टाकू नको, रिझर्व्ह तळातलंच ओढतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीला खाली एक स्क्रू असतो. त्याखाली पारदर्शक बाटली धर, स्क्रू ढिला कर, जे येईल ते बाटलीत दोन मिनिटं ठेव. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करायची. थर नसला तरी वास घे. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा आंबट वास येतो.

सेक्रेटरी : पेट्रोलचं काम मीटर बोर्डाजवळ नको. गेटबाहेर मोकळ्यात करा. आणि जुनं पेट्रोल गटारीत ओतू नका.

सी-३०२ : गेटबाहेर आणलीय. थर नाही, पण पिवळं पडलंय आणि वास तसाच येतोय.

ए-१०१ काका : मग टाकी रिकामी कर आणि ताजं दोन लिटर घाल. जुनं पेट्रोल गॅरेजवाल्याला दे, पार्ट धुवायला वापरतात. स्क्रू ढिला केलाच आहेस तर वाटीही उघड आणि पायलट जेट, म्हणजे आतली पेट्रोलची बारीक नळी, काढून उजेडासमोर धर. सुईच्या टोकाएवढं भोक असतं, त्यातून उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला तर कार्बोरेटर क्लीनर मार, हवा मार. तार घालू नको रे! भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल प्यायला लागते.

सी-३०२ : भोक बंदच होतं काका. क्लीनरनं उघडलं. 🙏

बी-४०१ (सध्या म्युनिक) : आमच्या इथं हिवाळ्यात बर्फ आणि रस्त्यावर मीठ, म्हणून बरेच जण दरवर्षी गाड्या बंदच ठेवतात. ठरावीक महिन्यांपुरतीच नंबरप्लेट घेता येते, ते महिने प्लेटवर छापलेले असतात. ठेवतानाच टाकी गच्च भरतात, पेट्रोल टिकवायचं औषध घालतात आणि बॅटरी घरात आणून छोट्या चार्जरवर लावतात. पुढच्या जूनमध्ये पुण्याला जाताना हे करून जा.

सी-३०२ : दादा, नक्की. आत्ता बॅटरीचं काय करू? मल्टिमीटरवर ११.८ व्होल्ट दाखवतंय. पप्पांच्या कारला वायर जोडून मारू का?

ए-१०१ काका : चालू कारला मुळीच नको. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, ११.८ म्हणजे उतरलेली. काढून चार्जिंगला दे. काढताना आधी मायनस, बसवताना मायनस शेवटी. चार्जिंगवाल्याला सांग, हळू भर. ५ अँपिअर-अवरची असेल तर अर्ध्या अँपिअरनं, रात्रभर. भरून काढल्यावर पुन्हा लगेच खाली आली तर ती गेली म्हणून समज.

सी-२०१ : मध्येच विचारतो, माफ करा. प्रयाग चिखलीच्या आमच्या पाहुण्यांची गाडी पुरात सीटपर्यंत बुडाली होती. तिलाही हेच करायचं का?

ए-१०१ काका : नाही! ती वेगळी गोष्ट आहे. तिला किल्लीसुद्धा लावू नका. इंजिनात पाणी असलं आणि सेल्फ मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. २०१९ ला आणि २०२१ ला लोकांनी घाईघाईनं चालू केलेली कितीतरी इंजिनं मी उघडलीत. इंजिनावरच्या ऑइल बघायच्या काचेत बघा, दुधासारखं पांढरं दिसलं तर पाणी गेलंय. बॅटरीची वायर काढा आणि गाडी टेम्पोत घालून मिस्त्रीकडं न्या. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी गाठली की गाडी आधी उंचावर नेऊन लावायची. ४३ ची धोका पातळी येईपर्यंत थांबायचं नाही.

सी-२०१ : आत्ताच फोन करून सांगतो त्यांना.

सी-३०२ : काका, बॅटरी भरून आली, १२.७ दाखवतीय. आता मारू?

ए-१०१ काका : अजून एक काम. इंजिनाचा स्पार्क प्लग काढ, भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोड. प्लग काढलेलाच ठेवून हातानं किक सावकाश आठ-दहा वेळा दाब. पिस्टनला ऑइल लागतं. प्लग काळा असेल तर पॉलिश पेपरनं घास. मग प्लग लाव, चोक ओढ, न्यूट्रल बघ आणि मार. गाडी उघड्यावरच ठेव, बंद पार्किंगमध्ये धूर कोंडला तर जिवावर बेततं.

सी-३०२ : चालू झाली!! तिसऱ्या किकला. पांढरा धूर येतोय पण.

ए-१०१ काका : ते आपण घातलेलं ऑइल जळतंय, थोड्या वेळात थांबेल. रेस देऊ नको, गरम होऊ दे. मग बंद कर. बंद गाडीत पहिला गिअर टाक, क्लच दाब आणि पुढं-मागं हलव. क्लच प्लेट चिकटलेल्या असल्या तर तिथंच कळेल. तसंच चालू करून गिअर टाकलास तर गाडी उडी मारेल.

सी-३०२ : क्लच सुटला. मागचं चाक मात्र जड फिरतंय.

ए-१०१ काका : ब्रेक शू चिकटलाय. ड्रम उघडून पॉलिश पेपर मारून घे, हे मिस्त्रीकडूनच कर. पुढच्या डिस्कवरचा तांबूस थर चार ब्रेक मारले की जातो, त्यावर तेल चुकूनही लावू नको. चेन रॉकेल किंवा चेन क्लीनरनं पूस आणि वंगण लाव. टायरची हवा भर, बाजूला भेगा पडल्यात का बघ. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आणि पहिल्याच दिवशी पन्हाळ्याचा घाट नको. रंकाळ्याला एक फेरी मार, ब्रेक दोनदा तपास, परत ये.

सेक्रेटरी : इन्शुरन्स बघ रे. थर्ड पार्टी संपलेला असला तर पहिल्यांदा २००० रुपये दंड आहे. पीयूसी या जुन्या गाडीला सहा महिन्यांचीच मिळते, म्हणजे संपलेली असणार.

सी-३०२ : दोन्ही आजच करतो. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसवलेली आहे. काका, मिस्त्री शनिवारी मोकळा आहे म्हणतोय, तुम्ही येणार का ड्रम उघडताना?

ए-१०१ काका : येतो की. दहाला खाली ये. आणि वहिनी, तुमची स्कूटर पण आणा, वायर एकदाच बघून टाकू.