भुट्ट्याचा कीस आणि खरवड

खाण्याच्या गप्पांत कुणीतरी फोडणीच्या पोळीची आठवण काढली आणि मी थेट इंदूरच्या आजोळी पोचले. पावसाळ्यात आजी आम्हाला भुट्टे किसायला बसवायची. दाणे सोलायचे नाहीत, अख्खं कणीस किसणीवर. बोट सोललं की ओरडा आम्हालाच! मग तुपात हिंग-जिरं-मिरचीची फोडणी, कीस खमंग परतायचा, दूध घालून मंद आचेवर शिजवायचा. वरून लिंबू, कोथिंबीर आणि जिरावन, म्हणजे इंदुरी चटपटीत मसाला. (पोह्यांवरही तेच, जिरावनाशिवाय पोहे म्हणजे इंदुरात अपमानच.) कढईला लागलेली खरवड कुणाची, यावरून आम्हा भावंडांत दरवेळी भांडण. शेवटी मामाच ती खाऊन टाकायचा. भरपाई म्हणून थंडीत सराफ्यातली दागिन्यांची दुकानं बंद झाली की रात्री तिथं गरमागरम गराडू (तळून मसाला लावलेला कंद) खायला न्यायचा.