चुनखडीच्या माळावर साग लावावा का?

माळरान_मोहोळ: मोहोळजवळ आमची दोन एकर पड आहे. वर वीतभर काळी माती, खाली पांढरी चुनखड. पहार मारली की ठण्ण वाजते. वडिलांनी लावलेल्या लिंबू-पेरूंवर दरवर्षी केवडा यायचा, म्हणजे पानं पिवळी पडायची. आता तिथं जंगलासारखी झाडी करायचीय. नर्सरीवाले म्हणतात, सागाला चुना मानवतो, डोळे झाकून लावा. खरंय का?

हिवराची_सावली: अर्धंच खरंय. सागाला चुना हवाच, पण खोल, निचऱ्याची जमीन आणि आपल्यापेक्षा बराच जास्त पाऊसही हवा. चंद्रपूरचा साग बघून मोहोळात खड्डे काढू नका.

आपल्याकडं काळा बेसाल्ट झिजताना त्यातला चुना सुटतो. सोलापूरच्या तुटपुंज्या पावसानं तो वाहून जात नाही, वीत-दोन वीत खाली साकळून त्याचे खडे होतात. अशा मातीचा सामू (पीएच) ८ च्या वर जातो, मग लोह असूनही मुळांना मिळत नाही. तुमचा केवडा त्यामुळंच. हिराकस (फेरस सल्फेट) फवारली की पानं हिरवी होतात खरी, पण जंगलाला किती वर्षं फवारणार?

त्यापेक्षा बांधावर आपसूक काय उगवलंय ते बघा. बोर, कडुनिंब, बाभूळ आणि हिवर. माझा जीव हिवरावर आहे! पांढरट साल, पावसाळ्यात फिकट पिवळ्या फुलांनी लगडतो, शेंगा शेळ्यांना. मुरमाड कोपऱ्यात अंजन लावा. भारतातल्या सगळ्यांत जड लाकडांपैकी एक त्याचं. सुरुवातीची काही वर्षं वर वाढ दिसत नाही, सोटमूळ खाली उतरत असतं. मेलं समजून उपटू नका.

पवन्या_कुसळी: वरचं सगळं पटलं, पण दोन्ही एकर झाडांनी भरू नका, कळकळीची विनंती. आपला माळ मुळात गवताचा. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, ते या गवतासाठीच. माळढोकाला, काळविटाला मोकळं रान लागतं. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं असतील तिथं नांगर घालू नका. झाडं बांधाला आणि ओघळीच्या कडेला.

माळरान_मोहोळ: ओघळीला दोन जुने हिवर आहेतच! बी कधी धरायचं?

हिवराची_सावली: उन्हाळ्यात शेंगा वाळल्या की. कवच टणक असतं; उकळून उतरवलेल्या पाण्यात टाका, रात्रभर तसंच राहू द्या आणि पाऊस लागला की जागेवरच टोका. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून काट्याचं कुंपण मात्र हवंच.