प्रति: ऑनलाइन आरोग्य-माहितीची जाण मोजायची कशी?

लोकांना ऑनलाइन आरोग्य-माहिती शोधून वापरता येते का, हे मोजणाऱ्या सर्वेक्षणासाठी ८ प्रश्नांची ई-हील्स प्रश्नावली पुरेशी आहे, असं मत इथे मांडलं गेलं; ते मला पटत नाही. नॉर्मन आणि स्किनर या संशोधकांनी ती २००६ मध्ये कॅनडात तयार केली. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण, एकूण ८ ते ४०. भरायला सोपी आहे, मान्य. पण त्यात माणूस स्वतःबद्दल काय समजतो एवढंच कळतं. नेदरलँड्समध्ये २०११ साली पडताळून पाहिलं, तेव्हा हे गुण आणि प्रत्यक्ष शोधण्यातलं यश यांचा मेळ बसला नाही. तिथूनच २०१७ मध्ये आलेल्या नव्या प्रश्नावलीत म्हणून प्रत्यक्ष कौशल्य तपासणारे ७ प्रश्नही आहेत.

आपल्याकडे तर हातात फोन देऊनच बघावं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) ६.६ टक्के असलेला रिपोर्ट समोर ठेवायचा आणि अर्थ शोधायला सांगायचा. बोलून शोधतात की टाइप करून, वरच्या जाहिराती ओलांडतात का, की 'मधुमेह मुळापासून घालवा' अशा पहिल्याच व्हिडिओवर थांबतात, हे शेजारी बसून टिपून घ्यावं. ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाच्या टप्प्यात, पण पुन्हा तपासून खात्री करायची, इथवर जो पोचला त्याला जमलं. वेळ लागेल, माणसं कमी तपासून होतील. माझ्या मते तरीही हेच करावं.