मदत हवी आहे: केमिस्ट्री मेजरबरोबर फिजिक्स मायनर घेऊ का? उद्या फॉर्म द्यायचाय

रानपाखरू:
नमस्कार. बीएस्सी करते आहे, मेजर म्हणजे मुख्य विषय केमिस्ट्री. मायनरला, म्हणजे दुय्यम विषयाला, फिजिक्स आणि बॉटनी एवढंच उरलंय आणि उद्या दुपारी दोनपर्यंत फॉर्म द्यायचाय. मला फिजिक्स मनापासून आवडतं. झेपेल का? पुढे एमएस्सी फिजिक्सला करता येईल का? ऑफिसात विचारलं तर "नोटीस वाच" म्हणाले. नोटिशीत नुसते क्रेडिट आहेत. प्लीज लवकर सांगा.

तळ्याकाठी:
कितव्या वर्षाला? कॉलेज स्वायत्त की संलग्न? नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून लागू झालं, बाकीच्यांत वर्षभराने. मायनर कोणत्या सत्रात सुरू होतो तेही सगळीकडे सारखं नाही.

रानपाखरू:
एफवाय संपतंय. संलग्न आहे. मायनर एसवायपासून. पण माझा प्रश्न झेपेल का, हा आहे.

वडाचीवाडी:
दोन्ही सोड आणि कॉम्प्युटर घे. माझ्या पुतण्याने तेच केलं, शेवटच्या वर्षाला असतानाच नोकरी लागली. नुसत्या आवडीवर पोट भरत नाही, हे कळकळीने सांगतोय.

रानपाखरू:
काका, कॉम्प्युटरच्या जागा भरल्या. वर लिहिलंय, दोनच पर्याय आहेत.

मास्तरीणबाई:
बारावीला गणित होतं का?

रानपाखरू:
नाही, बायो ग्रुप होता. पण फिजिक्स होतंच की, बोर्डात ७८ मार्क होते.

मास्तरीणबाई:
अगं, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतंस. बारा वर्षं फिजिक्स शिकवते आहे. बायो ग्रुपची मुलं फिजिक्सला अडत नाहीत, गणिताला अडतात. बारावीत सूत्रात आकडे टाकून निभावतं. एसवायला लाटांचं समीकरण फळ्यावर येतं तेव्हा डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय हे हाताला माहीत लागतं. तुला सुट्टी आहे ना? बालभारतीचं अकरावीच्या गणिताचं दोन नंबरचं पुस्तक घे, त्यात लिमिट्स आणि डिफरन्सिएशन आहे. मग बारावीच्या दोन नंबरच्या पुस्तकातून इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. ई-बालभारतीवर फुकट मिळतात. रोज दोन तास बसलीस तर झेपेल.

आडवाटेचा_प्रवासी:
बाई, एवढं घाबरवू नका. मायनर जेमतेम १८-२० क्रेडिटांचा असतो, गणित लागेल तसं शिकता येतं. मी बिनगणिताचाच होतो, पास झालो.

मास्तरीणबाई:
पास होणं आणि एमएस्सीला जाणं यात फरक आहे. ती एमएस्सी विचारते आहे.

तळ्याकाठी:
एमएस्सीबद्दल: यूजीसीच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार मेजर आणि मायनर, दोन्हींपैकी कोणत्याही विषयात एमएस्सीला जाता येतं. प्रवेश परीक्षा पास झाल्यास इतर विषयांतही. म्हणजे दार उघडं आहे.

मास्तरीणबाई:
कागदावर उघडं आहे. प्रत्येक विभागाची पात्रतेची अट वेगळी असते आणि काही ठिकाणी पदवीला गणित मागतात. जॅम किंवा सीयूईटी या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा दिल्या तरी जिथे जायचं तिथलं माहितीपत्रक आधी वाच. शिवाय जॅमच्या फिजिक्सच्या पेपरात गणिती पद्धतींचे प्रश्न असतात. वीस क्रेडिटांत क्वांटम आणि इलेक्ट्रोडायनॅमिक्स पुरतं होत नाही, ते तुझं तुलाच करावं लागेल.

सोडियम_दिवा:
मी केमिस्ट्रीवाला, फिजिक्स दुय्यम विषय होता, जुन्या पद्धतीत. फायदा खूप झाला. फिजिकल केमिस्ट्रीतला पार्टिकल इन अ बॉक्स, म्हणजे डब्यात कोंडलेल्या कणाचं क्वांटमचं गणित, मला फिजिक्सच्या तासालाच कळला. एक खड्डा आधीच सांगतो. उष्मागतिकीचा पहिला नियम फिजिक्समध्ये बहुतेक वेळा ΔU = Q − W असा लिहितात, केमिस्ट्रीत ΔU = q + w. ΔU म्हणजे आतल्या ऊर्जेतला बदल, Q म्हणजे दिलेली उष्णता. पहिल्यात W म्हणजे वायूने केलेलं काम, दुसऱ्यात वायूवर केलेलं. मी एका परीक्षेत दोन्ही मिसळले आणि सात मार्कांचं गणित गेलं. दोन वह्या ठेव, पहिल्या पानावर चिन्हं लिहून ठेव.

प्रॅक्टिकल जपून. न्यूटन्स रिंग्जला, म्हणजे प्रकाशाची गोल कडी मोजून तरंगलांबी काढायच्या प्रयोगाला, सोडियमचा दिवा आधी गुलाबी दिसतो, पिवळा व्हायला काही मिनिटं जातात, तोवर रीडिंग घ्यायचं नाही. कडी मोजताना मायक्रोस्कोप डावीकडच्या विसाव्या कड्यापासून उजवीकडच्या विसाव्यापर्यंत एकाच दिशेने न्यायचा. मध्ये एकदा जरी मागे फिरवला तरी स्क्रूच्या ढिलाईने रीडिंग बिघडतं. माझं उत्तर ५८९३ अँगस्ट्रॉमच्या जागी सहा हजारांच्या वर आलं होतं आणि सरांनी सगळं परत करायला लावलं. तेव्हा रडू आलं होतं.

आडवाटेचा_प्रवासी:
अवांतर: फिजिक्स आवडत असेल तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण बघून या. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. एका अँटेनाखाली उभं राहिलं की मान दुखेपर्यंत वर बघत राहावंसं वाटतं.

वडाचीवाडी:
बॉटनीत शेतीच्या नोकऱ्या निघतात, त्याचाही विचार कर.

रानपाखरू:
फॉर्म देऊन आले. फिजिक्स. मैत्रिणीकडून अकरावीच्या गणिताचे दोन्ही भाग आणले. डिफरन्सिएशनच्या धड्यात पाचव्याच गणितात sin x आला आणि अडले. त्रिकोणमिती आधी करू का?

मास्तरीणबाई:
हो. पहिला भाग काढ, त्रिकोणमितीचे धडे त्यात आहेत. आठवडाभर दुसरं काही करू नकोस. अडलीस की इथेच लिही, गणित पूर्ण उतरवून.