लाकूडशास्त्राच्या प्राध्यापकाने लॅबमध्ये बसावं की कमिट्यांवर फिरावं?

पाचपाखाडीकर (धागाकर्ता):
भाचीला अमेरिकेत ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत वूड सायन्सच्या एमएसला ॲडमिशन मिळालीये. आजीचा पहिला प्रश्न, "सुतारकी शिकायला एवढ्या लांब?" ते सोडा. मी आपला मामा म्हणून अशा विभागातल्या प्राध्यापकांचे बायोडाटा वाचत बसलो, तर रिसर्चच्या खाली "प्रोफेशनल ॲक्टिव्हिटीज" म्हणून ही मोठी यादी. शास्त्रज्ञांच्या अमक्या सोसायटीचे मेंबर, तमक्या जर्नलचे रिव्ह्यूअर, स्टँडर्ड ठरवायच्या कमिटीवर, कंपन्यांचे सल्लागार, कॉन्फरन्सचे आयोजक. माझं स्पष्ट मत आहे की हे सगळं मिरवणं आहे. संशोधकाने लाकूड कापावं, तपासावं, पोरांना शिकवावं, बस. आणि गंमत बघा, 2018 च्या मार्चमध्ये त्याच युनिव्हर्सिटीत वनशास्त्राची नवी इमारत बांधत असताना सीएलटीचा, म्हणजे फळ्यांचे उभे-आडवे थर चिकटवून जी जाड लादी करतात तिचा, तुकडा थर सुटून खाली आला. नशीब कोणाला लागलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बोला.

रबाळे_वर्कशॉप:
साफ असहमत. दादा, तुमच्या किचन ट्रॉलीला जे "मरीन प्लाय" लावलंय त्याचं स्टँडर्ड आयएस 710. त्यात तुकडा 72 तास पाण्यात उकळायचा आणि तरी थर सुटता कामा नयेत अशी टेस्ट आहे. हे 72 तास काय आकाशातून पडले का? कमिटीवर बसून कोणीतरी भांडून ठरवलेत, आणि त्या टेबलावर कारखानदार सोडून कोणीच नसेल तर आकडा कुठल्या दिशेला सरकेल ते मी स्वतः धंद्यात असून सांगतो, खाली!! तिथे ज्याचा माल विकायचा नाहीये असा एक तरी माणूस हवाच. तो प्राध्यापकच असणार, दुसरा कोण रिकामा आहे.

पाचपाखाडीकर:
ठीक आहे, स्टँडर्डचं मान्य. पण सोसायट्या? कॉन्फरन्स? शाल-श्रीफळ संस्कृतीच ती, फक्त इंग्रजीत.

घोडबंदर_जॅम:
मुळात लाकूड राहिलंय कुठे? आमच्या टॉवरमध्ये खिडक्या ॲल्युमिनियमच्या, बाथरूमचं दार प्लास्टिकचं, कपाटं एमडीएफची. विभाग बंद करा आणि पोरीला डेटा सायन्सला घाला.

उरणवाला:
घोडबंदर, एमडीएफ काय वाळूचं करतात का रे, लाकडाच्याच तंतूंचं असतं ते. बरं, मूळ मुद्दा. मी न्हावाशेवाला क्लिअरिंगच्या कामात आहे. पोर्टवर रक्तचंदनाचे कंटेनर पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, कागदावर भलताच माल आणि आत लालभडक ओंडके. आता कस्टमवाल्याला लाल दिसलं म्हणून कोर्ट मानेल का? हे रक्तचंदनच आहे, दुसरं लाल लाकूड नाही, असा रिपोर्ट लागतो आणि तो लाकडाची शरीररचना शिकलेला माणूसच देऊ शकतो. एकदा बघितलंय ते काम. धारदार ब्लेडने आडवा पातळ काप काढला, थोडं ओलं केलं आणि दहापट भिंगाखाली धरलं. सागवान असेल तर दर वर्षाच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते, त्यामुळे वर्तुळं स्पष्ट कळतात. "आफ्रिकन टीक" म्हणून जो इरोको गळ्यात मारतात त्यात छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली, रांग नाहीच. भाव सागवानाचा आणि माल भलताच, वखारीत रोज चालतं हे.

आणि कोर्टाचं म्हणाल तर सगळ्यात गाजलेली केस अमेरिकेतलीच आहे. लिंडबर्ग या प्रसिद्ध वैमानिकाचं बाळ पळवलं त्या खटल्यात, 1935 ला, मॅडिसनच्या सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीचा आर्थर कोहलर साक्षीला उभा राहिला. पळवायला वापरलेल्या शिडीचा एक दांडा आरोपीच्या माळ्यावरच्या फळीतूनच कापलेला आहे हे त्याने वार्षिक वर्तुळं आणि खिळ्यांची भोकं जुळवून दाखवलं. आता ही साक्ष "रिसर्च" की "प्रोफेशनल ॲक्टिव्हिटी"? सांगा मामा.

माजी_देहरादून:
मी डेहराडूनच्या एफआरआयमधून, म्हणजे तिथल्या वन संशोधन संस्थेतून, वूड सायन्समध्येच एमएस्सी केलंय, आता नोकरीनिमित्त खारघरला. मला धागाकर्त्याचं निम्मं पटतं, पण कारण वेगळं. कमिट्या नाही, खरा घोळ सल्लागारीचा. नंतर एका लॅबमध्ये काम केलं, नाव नको, तिथे कंपन्यांची टेस्टिंगची सॅम्पल्स एवढी यायची की पीएचडीची पोरं सकाळपासून ओव्हनशी. तुकडा वजन कर, 103 डिग्रीला ठेव, परत वजन कर, वजन उतरायचं थांबेपर्यंत हेच, मग ओलावा किती टक्के ते लिही. काम चुकीचं नाही, पण पैसे विभागाला, रिपोर्टवर सही सरांची आणि पोराचा थिसिस वर्षभर मागे. शिवाय ज्या कंपनीच्या पैशावर मशीन आलंय तिच्या मालाला नापास करायला छाती लागते. त्यावर कोणी बोलत नाही.

रबाळे_वर्कशॉप:
हे मात्र खरंय. रिपोर्ट पास करून देणारे कोण आणि न देणारे कोण ते मार्केटला पाठ असतं.

ऐरोलीची_वहिनी:
माझा मुद्दा साधा आहे. आमच्याकडे जुलै आला की हॉलचं दार बसत नाही, मिस्त्री येतो, रंधा मारतो, पैसे घेतो, आणि डिसेंबरात त्याच दारातून पलीकडचा उजेड दिसतो. दर वर्षी!! लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं, फुगतं ते मुख्यतः रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच, हे मला शेवटी नेटवर वाचून कळलं. मिस्त्रीला कोणी सांगितलेलं नाही. चौकट बसवायच्या आधी लाकडात किती ओलावा आहे ते मोजायचं छोटं मीटर मिळतं हेही त्याला माहीत नाही. मग हे विभाग मिस्त्री लोकांना शिकवायला का येत नाहीत? लाकडाची मोठी संस्था बंगळुरूला, वनशास्त्राचं कॉलेज दापोलीला, आणि फ्लॅट बनतायत इथे. बाळकुमला मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, तिथे दोन दिवसांचा कोर्स ठेवायला काय हरकत आहे?

पाचपाखाडीकर:
वहिनी, तुम्ही माझीच बाजू मांडलीत! मिस्त्रीला शिकवलं असं त्या याद्यांत मला एकदाही दिसलं नाही. सोसायटीची वार्षिक सभा मात्र नेमाने. कोहलरचं उदाहरण जबरदस्त आहे उरणवाले, पण तो साक्ष देऊ शकला कारण आधी वर्षानुवर्षं लाकूडच बघत बसला होता, बॅज लावून फिरत नव्हता.

माजी_देहरादून:
मामा, जर्नलची रिव्ह्यू फुकट करतात हो लोक, रात्री घरी बसून. ती कोणी केली नाही तर तुमच्या आवडत्या रिसर्चमध्ये काहीही छापून येईल. त्याला बॅज म्हणू नका. आणि ते ओरेगॉनचं अर्धंच सांगितलंत. कारण सापडलं तिथलं. थंडीमुळे कारखान्यात फळ्या आधी तापवून घेतल्या होत्या, म्हणून प्रेसमध्ये दाब बसायच्या आतच गोंद आवळायला लागला आणि पकड नीट आली नाही. असं काही झालं की कारखान्यातली तपासणी कशी हवी हे परत लिहावं लागतं, आणि ते लिहितं कोण? कमिटीच.

घोडबंदर_जॅम:
म्हणजे फिरून कमिटीच. डेटा सायन्स डेटा सायन्स 😄

पाचपाखाडीकर:
माझं मत कायम आहे, फक्त स्टँडर्ड आणि कोर्टाची कामं यादीतून वगळतो. भाचीला सांगितलंय, गाईड ठरवायच्या आधी त्याच्या जुन्या पोरांना मेल कर आणि विचार, सर लॅबमध्ये दिसतात का.

माजी_देहरादून:
ते विचारूच दे. त्याच्याही आधी, असिस्टंटशिपचे, म्हणजे शिकता शिकता काम करून मिळणारे, पैसे युनिव्हर्सिटीचे की कंपनीचे हे विचारायला सांगा. कंपनीचे असतील तर निकाल वाईट आला तरी थिसिसमध्ये छापता येईल का, हे ईमेलवर लेखी घ्यायचं, तोंडी नको.