मदत हवी आहे: एकट्या आजी-आजोबांना दुपारचा डबा देतो, पण रात्रीचं काय?

चौथा_मजला:
नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमच्या भागातल्या बहुतेक बिल्डिंगा जुन्या, तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या. वरच्या मजल्यांवर एकेकटी राहणारी बरीच वयस्कर माणसं आहेत. गुडघ्यांमुळे किंवा पडण्याच्या धास्तीने महिनोन् महिने खाली न उतरलेली. भजनी मंडळातल्या आम्ही काही जणी त्यांना दुपारचा डबा देतो. स्वयंपाक एकीच्या घरी, पोचवायला आम्ही आणि कॉलेजातली दोन पोरं. संस्था, पावतीपुस्तक वगैरे काही नाही.

उपाशी राहणाऱ्याच्या घरात दाणा नसतोच असं नाही. एका आजींकडे रेशनचे गहू-तांदूळ आहेत, पण ओट्यापाशी उभं राहवत नाही आणि दळण घेऊन चक्कीवर जाणार कोण? मग सकाळ-संध्याकाळ चहा-खारी. विचारलं की, ‘मला मेलीला भूक कुठे लागते!’

आता अडचणी. डबा साडेबाराला पोचतो. बरेच जण त्यातला अर्धा झाकून रात्रीसाठी ठेवतात. फ्रिज सगळ्यांकडे नाही, एकांकडे आहे तो बिलाच्या भीतीने बंद. उन्हाळ्यात भात संध्याकाळपर्यंत चिकट होतो. ‘उरलेलं खाऊ नका’ म्हणायला जीभ रेटत नाही, कारण मग रात्री खायचं काय? दोन वेळा गरम डबा देणं आमच्या आवाक्याबाहेर आहे.

दुसरं, एक काका छापखान्यातून निवृत्त झालेले, पेन्शन नाही. ‘फुकटचं खात नाही’ म्हणून डबा कडीला अडकवून ठेवतात, न उघडलेला. शेजारीण सांगते की त्यांच्याकडे गॅस पेटल्याचा वासही येत नाही.

तिसरं, दार उघडलं नाही तर काय करायचं? पोरं डबा उंबऱ्यावर ठेवून येतात, मला ते पटत नाही.

कोथिंबिरीची_जुडी:
आहारतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं लांबण लावते. आधी भाताचं. शिजवलेल्या भातात काही जंतूंचे बीजाणू (उष्णता सोसणारी सुप्त रूपं) टिकून राहतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून ‘रात्री नीट गरम करून खा’ हा सल्ला भाताला पुरेसा नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात अन्न जितका कमी वेळ राहील तितकं बरं. तुमच्याकडचा उन्हाळा म्हणजे दिवसभर हाच पट्टा.

तेव्हा माणसांची सवय बदलायला जाऊ नका, डबा बदला. दुपारच्या डब्यात मऊ भात, वरण, भाजी, एका वेळेला संपेल इतकंच. सोबत रात्रीसाठी कोरडी पुडी: दुधात पीठ भिजवून केलेली दशमी, सातूचं पीठ, राजगिऱ्याचा लाडू, केळं. सातूचं पीठ कालवायला गॅस लागत नाही, कवळी नसली तरी गिळता येतं. रात्रीच्या पुडीवर मोठ्या अक्षरात ‘रात्री’ लिहा.

एक महत्त्वाचं. मधुमेहाची गोळी कोण घेतं याची यादी करा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन माणूस जेवला नाही तर साखर धोकादायक खाली जाते: घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. ‘म्हातारपणामुळे बरळतात’ समजून लोक सोडून देतात. गोळीत बदल त्यांच्या डॉक्टरांनीच करायचा. मधुमेह्यांच्या पुडीत लाडू नको, फुटाणे चावत नसतील तर फुटाण्यांचं पीठ.

बोळातला_बाप्या:
मुलं काय करतात यांची? आधी त्यांना फोन लावा की.

चौथा_मजला:
लावलेत. काहींची मुलं पैसे पाठवतात, पण पैसा तीन जिने चढून पोळी करून देत नाही. काहींना मूलबाळच नाही. एका आजींचा मुलगा त्यांच्याआधी गेला. हा विषय इथे नको, प्लीज.

एडिसनकर:
मी अमेरिकेत न्यू जर्सीला ‘मील्स ऑन व्हील्स’साठी, म्हणजे वयस्कर माणसांना घरपोच जेवण देणाऱ्या उपक्रमासाठी, सुट्टीच्या दिवशी गाडी चालवतो. इथल्या दोन गोष्टी तुमच्या कामी येतील.

१९६५ च्या ‘ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्ट’खाली जे जेवण घरपोच जातं त्याला उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. वय साठच्या पुढे, घराबाहेर पडता येत नाही, एवढं पुरतं. पैसे ऐच्छिक, आणि दिले नाहीत म्हणून जेवण थांबत नाही. त्यामुळे जेवण घेणारा ‘गरीब’ ठरत नाही. तुमच्या काकांना दान नको असेल तर रक्कम त्यांनाच ठरवू द्या. बंद पाकीट, आत किती ते कुणी बघायचं नाही.

दाराबाबत आमच्याकडे शिस्त कडक. डबा दारात ठेवून यायचा नाही. उत्तर नाही आलं तर लगेच ऑफिसला फोन, ते घरी आणि मग नातेवाइकांना फोन करतात. जेवणाइतकंच महत्त्व ‘आज माणूस दिसला’ याला असतं. प्रत्येक घरामागे दोन नंबर आणि किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे आहे हे आधीच लिहून घ्या.

तहसील_वारी:
डबा चालू राहू द्या, पण हक्काचं सोडू नका. श्रावणबाळ योजनेत ६५ च्या पुढच्यांना महिना १५०० रुपये मिळतात. अट वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २१,००० च्या आत असण्याची. रक्कम तुटपुंजी आहे, पण औषधांचा खर्च सुटतो. दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, आणि जिना न उतरणारा माणूस नेमका तिथे अडकतो. तुमच्यातल्या कुणीतरी ते कागद आपल्याकडे घ्या. शिवभोजन थाळीचं नाव कुणीतरी काढेलच: १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, भात, वरण, उत्तम योजना, पण केंद्रापर्यंत चालता येणाऱ्यांसाठी. कुणाला घरात त्रास होत असेल किंवा माहिती हवी असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.

चौथा_मजला:
सगळ्यांचे आभार. कोरड्या पुडीचं लगेच करतोय, दशम्या करायला एक मावशी तयार झाल्यात. किल्लीची आणि गोळ्यांची वही पोरांकडे दिली.

काकांना पाकिटाचं बोलले. म्हणाले, ‘आत किती आहे ते कळणार नाही तर मी हिशेब कसा ठेवू?’ मग म्हटलं, तुम्हीच ठेवा. आमचा किराण्याचा हिशेब कुणालाच धड जमत नाही. हिशेबाची वही त्यांनी ठेवून घेतलीय. डबा अजून नाही घेतला, पण डाळ एवढ्या भावाने का आणलीत म्हणून मला झापलंय.

आता एकच राहिलं: आठवड्याला पुरेल इतकं सातूचं पीठ डोंबिवलीत घरगुती, खात्रीचं कोण करून देतं? विकतच्या पाकिटात साखर फार असते.